पायांनी चाखलेलं पान

वांग्याच्या पानाखाली अंडी दिसली तेव्हा पहिली शिवी मी पाहुणीला दिली, दुसरी स्वतःला, आणि गुन्हेगार अजून सापडायचा होता तरी तिसरी आगाऊच देऊन ठेवली.

पाहुणी म्हणजे एक भुंगेरी. डाळीच्या दाण्याएवढी, हिरवी, दिसायला अगदी गरीब. कुरणांमध्ये एक काटेरी तण माजलंय. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कापलं तर दुपटीनं येतं. ते तण ज्या लांबच्या मुलखातून आलं, तिथंच त्याला खाणारी ही भुंगेरी सापडली. आम्ही तिला आणलं आणि परक्या घरची म्हणून पाहुणी म्हणायला लागलो. पण तिला मोकळं सोडण्याआधी हे सिद्ध करावं लागतं, की त्या काटेरीशिवाय ती दुसऱ्या कशाच्याही वाटेला जाणार नाही. आता काटेरी आणि वांगं एकाच कुळातली, चुलत भावंडंच म्हणा. पाहुणीची पिल्लं वांग्यावर वाढली, तर सगळी वसाहत भट्टीत घालायची आणि आमची कित्येक वर्षांची मेहनतही तिच्या मागोमाग. म्हणून मी जाळीच्या पिंजऱ्यात झाडं ठेवते, पाहुण्या सोडते आणि त्या कुठं अंडी घालतात त्यावर नजर ठेवते. आजवर एकीनंही वांग्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

कीटकघरातून बाहेर येताना दोन दारांच्या मध्ये एक अंधारी खोली लागते. तिथं एक दिवा आणि एक उभा आरसा आहे. केसांत, पाठीवर, बाहीच्या घडीत कुणी पाहुणी बसून बाहेर तर निघाली नाही ना, हे आरशात वळून वळून बघायचं आणि मगच दुसरं दार उघडायचं. फोन आत न्यायची बंदी. तो बाहेर एका ट्रेमध्ये पडून असतो. त्या दिवशी बाहेर आले तर त्यावर भिंगरीचे न उचललेले कॉल ओळीनं पडले होते.

भिंगरी माझी मुलगी. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून हे नाव. या वर्षी तिला कॉलेजला घातलं. कॉलेज दुसऱ्या गावात, त्यामुळे हॉस्टेल आलं. गेल्यापासून तिचा एकच घोषा होता, "आई, मी परत येऊ?" आणि माझाही एकच, "थांब थोडी. सवय होईल." तिला परत आणायचं की तिथंच राहू द्यायचं, यावर आमच्या घरात दुसरा विषय निघत नव्हता. खरं म्हणजे हाही निघत नव्हता, कारण तो निघाला की मी मिटवून टाकत होते.

गुन्हेगार दुपारी सापडला. सापडला म्हणजे हसतमुखानं चालत आला. आमच्याकडे कुंड्या सांभाळणारी एक बाई आहे, तिला आम्ही टापटीप म्हणतो. तिच्या हाताखालून गेलेली वस्तू, मग ती झाड असो की खुर्ची, चकचकीत होऊनच बाहेर पडते.

"ताई, साहेबांकडे काम बघायला माणसं येणार होती ना," ती म्हणाली, "म्हणून मी सगळी पानं पुसून घेतली. केवढी धूळ बसली होती!"

"सगळी?"

"एकूण एक."

"कशानं?"

"ओल्या फडक्यानं."

"एकाच?"

बाई हुशार आहे, चेहरा पडायला तिला वेळ लागला नाही. "आधी काटेरी पुसली," ती हळूच म्हणाली, "मग वांगी."

झालं ते असं. पाहुणी पानाची चव तोंडानं नाही, पायांनी घेते. पानावर उतरली की पुढचे पाय आपटत इकडून तिकडे फिरते, पुन्हा फिरते, मिशांनी चाचपते. पायांना ओळखीचं काही लागलं नाही तर उडून जाते, आणि लागलं तर वळून, खाली जाऊन, अंडी चिकटवते. टापटीपनं काटेरीचा रस फडक्यावर घेतला आणि वांग्याच्या पानापानाला चोळला. पायांनी सांगितलं, हेच आपलं माहेर. पाहुणीनं विश्वास ठेवला.

मी साहेबांकडे तणतणत गेले. "सर, ही अंडी चाचणीत धरायची नाहीत. हा चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार होईल."

साहेब शांत माणूस. त्यांच्या शांतपणानंच माझं डोकं फिरतं. "फेकू नका, मॅडम," ते म्हणाले. "आयतीच संधी आलीय. आई चुकली हे मान्य. आता पिल्लं काय करतात ते बघा ना. वांग्यावर जन्मून ती मेली, तर आपली पाहुणी निर्दोष. ह्याहून चांगला पुरावा कुठला?"

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणून मला आणखीच राग आला. फक्त नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच घ्यायच्या, एकच डोळा हवा, मध्ये खंड पडला तर सगळं बाद, हे त्यांनी बजावून सांगितलं. तर त्या दिवसापासून माझं काम काय झालं? अंडी उबायची वाट बघायची, आणि उबली की पिल्लं मरावीत म्हणून देव पाण्यात ठेवून बसायचं.

संध्याकाळी घरी आले तर नवरा इस्त्री करत होता. भिंगरीचा फोन त्यानं स्पीकरवर टाकला.

"इथं काही वाईट नाहीये, आई," ती म्हणत होती. "मुली चांगल्या आहेत. शिकवतात पण चांगलं. पण मला काही लागतच नाहीये. जेवलेलं अंगी लागत नाही, वाचलेलं डोक्यात लागत नाही."

फोनमधून तिच्या चपलांचा आवाज येत होता. हॉस्टेलच्या लांब व्हरांड्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, वळत होती, परत येत होती. फोनवर बोलताना फिरायची तिची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"सुरुवातीला सगळ्यांनाच होतं," मी म्हणाले. "मलाही झालं होतं."

हे धडधडीत खोटं. मला काहीसुद्धा झालं नव्हतं. तेच कॉलेज, तेच हॉस्टेल, आणि मी तिथं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं काढली. भिंगरीला घेऊन जागा बघायला गेलो तेव्हा जिन्यातच मला भरून आलं. मधोमध झिजलेल्या पायऱ्या, फरशी पुसायच्या औषधाचा तोच वास, खिडकीखालचं तेच बाक. नवरा म्हणाला होता, "जेवणघर बघून घेऊ या का?" मी म्हणाले, "इतकी वर्षं जेवले ना मी तिथं, मेले का?" आणि भिंगरीला विचारलं का? विचारलं तर. "आवडलं ना?" असं विचारलं.

फोन ठेवल्यावर नवरा इस्त्री उभी करून म्हणाला, "आणू या का तिला?"

"आणून करायचं काय? घरी बसवायचं?"

"ते नंतर ठरवू की."

"तुझं सगळं नंतरच असतं," मी म्हणाले आणि विषय मिटवला. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती पाहुणीमुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

अंडी उबली. काटेरीवरच्या अळ्या जिथं जन्मल्या तिथंच बसल्या, खायला लागल्या आणि बघता बघता गलेलठ्ठ झाल्या. वांग्यावरच्या मात्र चालू लागल्या. भिंगातून बघताना माझेच पाय दुखायला लागत. अळी पानाला जरासं तोंड लावी, डोकं वर उचली, दोन पावलं पुढे सरके, परत तोंड लावी, परत सोडून देई. पानाच्या कडेपर्यंत जाई, खाली पोकळीत डोकं हलवी, आणि वळून आली त्याच वाटेनं निघे. आमच्या धंद्यात ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे. चालणारी अळी म्हणजे न खाणारी अळी. मी लिहून घेत होते, "चालतेय, चालतेय, चालतेय," आणि मला आनंद व्हायला हवा होता, कारण सगळं आमच्या मनासारखं घडत होतं.

टापटीप माझ्या मागे येऊन उभी राहायची. झाल्या प्रकारानं ती बिचारी फार ओशाळली होती.

"ताई, उचलून त्या झाडावर ठेवली तर जगतील का हो?"

"जगतील. मग त्याला चाचणी कशाला म्हणायचं?"

"नाही, आपलं विचारलं." ती थोडा वेळ जाळीवरून बोट फिरवत राहिली. "सारखं फिरतायत, पण जाणार कुठं? चारी बाजूंनी आपणच जाळी लावलीय."

मी तिला कुंड्यांना पाणी घालायला पाठवून दिलं. पाणी तिनं सकाळीच घातलं होतं.

मग साहेबांची ती बघायला येणारी माणसं खरोखरच आली. साहेबांनी त्यांना पिंजऱ्यांपुढे उभं करून भाषण सुरू केलं. भाषण आम्हाला पाठ आहे. "निसर्गाची कमाल बघा," ते म्हणाले, "एवढासा जीव, पण आपल्या लेकरांसाठी हजार पानांतून नेमकं पान निवडतो. शेवटी आईला सगळं कळतं!"

"काही कळत नाही, सर," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुनाच रोग, पण त्या दिवशी तो आवरेना.

"मग ती निवडते कशावरून?" आलेल्या माणसांपैकी एका बाईंनी विचारलं.

"स्वतःच्या पायांवरून. जे पान तिच्या पायांना बरं वाटतं, ते लेकराला बरं, असं ती धरून चालते. बहुतेकदा ते जमतं, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. जेव्हा जमत नाही तेव्हा तिला ते कळत पण नाही. ती अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लाचं काय झालं ते बघायला ती तिथं नसतेच."

साहेबांनी सगळ्यांना पुढच्या पिंजऱ्याकडे नेलं. मी तिथंच उभी राहिले. मी कुणाबद्दल बोलले ते मला कळलं होतं.

त्याच दुपारी वांग्यावरची एक अळी थांबली. एक जरी अळी वांग्यावर खायला लागली तरी सगळं संपलं. मी भिंग लावलं, पानाखाली दिवा धरला, अळीच्या तोंडाशी पान कुरतडलंय का ते शोधलं. पान जसंच्या तसं होतं. ब्रशच्या केसानं हळूच शिवलं, तर अळी गळून कुंडीखालच्या ट्रेमध्ये पडली. थोड्या वेळानं दुसरी थांबली, मग शेजारची.

बाहेर आले तर ट्रेमधल्या फोनवर एकही कॉल नव्हता.

रात्रीचं जेवण व्हायच्या आतच मी तिला फोन केला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला.

"सगळं ठीक आहे, आई," ती म्हणाली. "जमतंय आता."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. वास्तविक तो तसं कधीच म्हणत नव्हता, मी म्हणत होते.

मी कान देऊन ऐकत राहिले. चपलांचा आवाज नव्हता. व्हरांड्यातला वारा नव्हता, काहीच नव्हतं.

"कुठं आहेस गं?"

"खोलीत. पडलेय जरा."

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

"जेवण," ती म्हणाली. आणि मग, फार सांभाळून, मोठ्या माणसानं लहानाला समजावावं तसं, "तू काळजी करू नकोस. सवय झालीय मला."

फोन बंद झाला. मी पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. नवरा म्हणाला, "आता काय झालं? तुला हवं होतं तेच ती म्हणतेय."

"अळी दोन कारणांनी थांबते," मी म्हणाले. "खायला लागली म्हणून, नाहीतर संपली म्हणून. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"अगं, ती अळी नाहीये!"

"म्हणून तर निघतेय."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे वाद घातला नाही. "सकाळची पहिली बस धर. मी पण येऊ?"

"नको. तू आलास तर तिला हसवशील. मग मला खरं कळायचं नाही."

सकाळी स्टँडवरून साहेबांना फोन केला. ते प्रथमच शांत राहिले नाहीत. "मॅडम, शेवटचीच तर नोंद राहिलीय! आज चुकली तर पहिल्यापासून सगळं पुन्हा. अंडी, अळ्या, सगळं. माणसं काय म्हणतील? एक दिवस थांबा हो, उद्या जा!"

एक दिवस थांब. हेच मी तिला रोज सांगत आले होते.

"पुन्हा करू, सर," मी म्हणाले. "पाहुण्या आहेत, वांगी आहेत, मीही आहे." आणि फोन बंद केला. माझ्या नोकरीचं काय होईल याचा विचार बस सुटल्यावर आला, तोवर उशीर झाला होता.

बसमध्ये बसवेना. प्रत्येक थांब्यावर मी उठून पुढे जायची, काचेतून रस्ता बघायची, परत मागे यायची. शेवटी कंडक्टर वैतागला. "बाई, बसून घ्या. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून गाडी लवकर नाही पोचायची." आजूबाजूची माणसं हसली. मी बसले आणि वाटेत मनाशी सगळं जुळवून टाकलं. घराजवळचं कॉलेज, नाहीतर मधलं वर्ष नणंदेकडे, तिथं तिला मोकळं वाटेल. नाहीतर एखादा लहानसा कोर्स आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न. गाव येईपर्यंत तिचं पुढचं सगळं आयुष्य मी ठरवून ठेवलं होतं.

हॉस्टेलचा जिना चढायला लागले आणि तो वास आला. फरशीच्या औषधाचा. काय सांगू, इतक्या घायकुतीला आले होते तरी क्षणभर मला बरं वाटलं. पाय त्या झिजलेल्या पायऱ्यांवर आपसूक पडत होते, जणू मीच लेक्चर संपवून खोलीवर चाललेय. त्या बरं वाटण्याची मला इतकी लाज वाटली, की उरलेला जिना मी पळत चढले.

रेक्टरबाई वरच्या मजल्यावर भेटल्या. "तुमची मुलगी? फार शांत आहे हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "कधी काही तक्रार नाही." माझ्या भिंगरीला जन्मात कुणी शांत म्हटलं नव्हतं.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. टेबलावर पुस्तकं एकावर एक नीट रचलेली, चादर सरळ, वहीच्या शेजारी पेन सरळ. घरी तिचा पलंग कधी मला दिसायचा नाही, त्याच्यावरचा पसाराच दिसायचा. कोपऱ्यात जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी झाकण उचललं. कशालाही बोट लागलेलं नव्हतं. मग मी तिच्याकडे बघितलं. हातातलं घड्याळ सरकून पार कोपराशी गेलं होतं. ओठ सुकले होते. डोळ्यांखाली...

"आई," ती म्हणाली. "तू मला न्यायला आलीयस की बघायला?"

मी झाकण खाली ठेवलं.

"न्यायला."

"कुठं?"

बसमध्ये जमवलेली सगळी उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली. घराजवळचं कॉलेज, नणंद, कोर्स. मी ती गिळली. आयुष्यात इतकं अवघड काही गिळलं नव्हतं.

"तुला कुठं जायचंय?"

पुढे आपण काही बोलायचं नाही म्हणून मी पदराचं टोक पिळत बसले.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि लगेच, घाईघाईनं, मी रागावेन म्हणून, "खरंच नाही माहीत, आई. मी विचार करते, पण काही सुचतच नाही."

"चालेल," मी म्हणाले.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी खरं बोलतेय की नेहमीसारखं तेवढ्यापुरतं, हे ती शोधत होती, आणि तिनं ते शोधावं अशीच वेळ मी तिच्यावर आणली होती. मग ती वाकली आणि पलंगाखालून बॅग ओढून काढली. मी कपाटाकडे वळले, कपडे काढून द्यावेत म्हणून. कपाट रिकामं होतं. बॅग भरलेलीच होती. ती कधीपासून भरून ठेवलीय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.